अलास्का क्रूझची बाल्कनी केबिन: आईबाबांना घेऊन जाणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

उन्हाळ्यात भारतातून आईबाबा आले की इकडच्या, म्हणजे अमेरिकेतल्या मराठी घरांत अलास्का क्रूझचा विषय निघतोच, आणि मग केबिन कुठली घ्यायची यावर येऊन सगळं अडतं. मी आत्तापर्यंत तीनदा गेले, एकदा मैत्रिणींबरोबर बिनखिडकीच्या इंटिरियर केबिनमध्ये, एकदा आईबाबांना घेऊन आणि एकदा आईबाबा, सासूसासरे सगळ्यांना घेऊन, त्यामुळे ओळखीतल्या ओळखीत सगळे मलाच फोन करतात. तेच तेच प्रश्न असतात म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतेय.

बाल्कनीसाठी एवढे जास्त पैसे देणं वर्थ आहे का?

अलास्कासाठी हो, आणि सोबत ६५ च्या पुढची माणसं असतील तर नक्कीच हो. कॅरिबियनला जात असाल तर मी स्वतः इंटिरियर घेईन, कारण तिथे दिवसभर आपण पूलवर नाहीतर बीचवर असतो, केबिनमध्ये फक्त झोपायला येतो. अलास्काचं तसं नाही. इथे जे बघायचं असतं त्यातलं निम्मं जहाजावरूनच दिसतं, जहाज दोन्हीकडच्या डोंगरांमधून तासन् तास चाललेलं असतं, आणि ग्लेशियर बे या हिमनद्यांच्या नॅशनल पार्कच्या दिवशी तर कोणी खाली उतरतच नाही, अख्खा दिवस जहाज पार्कच्या आत फिरतं आणि आपण बघत बसायचं.

आता हे वरच्या ओपन डेकवरूनही फुकट दिसतं की, असं सगळे म्हणतात आणि ते खरं आहे, पण तिथे वारा किती असतो आणि गर्दी किती असते ते बघा एकदा. हिमनदीसमोर जहाज थांबलं की हजारभर माणसं कठड्याला लागतात, आणि आपले बाबा गुडघे धरून मागे उभे. माझ्या बाबांना दहा मिनिटांच्या वर उभं राहवत नाही. बाल्कनीत ते खुर्चीत बसले, पायावर ब्लँकेट, डोक्याला कानटोपी, हातात चहा, आणि सकाळपासून दुपारपर्यंत हलले नाहीत. मधेच बाथरूमला जाऊन यायचं, परत बसायचं. मी त्यांना जेवायला चला म्हटलं तर म्हणाले तू इथेच काहीतरी आणून दे. त्या एका दिवसासाठी मी परत तेवढे पैसे देईन.

ओशन व्ह्यू आणि बाल्कनीत नेमका फरक काय, खिडकीतून पण दिसतंच ना?

दिसतं, पण ऐकू येत नाही. ओशन व्ह्यूची काच उघडत नाही. आणि हिमनदीची खरी मजा आवाजात आहे, बर्फाचा कडा तुटून पाण्यात पडतो तेव्हा आधी ढग गडगडल्यासारखा आवाज येतो, तिथले मूळ रहिवासी त्लिंगिट लोक त्याला पांढरी मेघगर्जनाच म्हणतात. गंमत अशी की तुम्ही बरंच लांब असता त्यामुळे आवाज येईपर्यंत तुकडा पडून गेलेला असतो, म्हणून आवाजाच्या मागे बघत बसू नका, कड्यावर सारखी नजर ठेवा. शिवाय देवमाशांचा फुस्स करून सोडलेला श्वास, पाण्यावर तरंगणाऱ्या बर्फाचा तडतड आवाज, हे काचेमागून मिळत नाही.

बजेट नसेलच तर ओशन व्ह्यू वाईट नाही, इंटिरियरपेक्षा केव्हाही बरी. रॉयल कॅरिबियनच्या क्वांटम क्लास जहाजांवर इंटिरियरमध्ये एक मोठी स्क्रीन लावून बाहेरचं दृश्य दाखवतात, त्याला व्हर्च्युअल बाल्कनी म्हणतात, पण ती बाल्कनी नाही हे लक्षात ठेवून बुक करा, नावावर जाऊ नका.

जहाजाची डावी बाजू घ्यायची का उजवी?

तुमचा रूट कसा आहे त्यावर आहे. सिॲटलहून निघून सिॲटललाच परत, किंवा व्हँकुव्हर ते व्हँकुव्हर अशी राउंड ट्रिप असेल तर डोकं लावू नका, जाताना जे एका बाजूला असतं ते येताना दुसऱ्या बाजूला येतं. वन वे असेल, म्हणजे व्हँकुव्हरहून वर अलास्कातल्या सीवर्ड किंवा व्हिटियर बंदरापर्यंत, तर जाताना उजवी बाजू, तिला स्टारबोर्ड म्हणतात, कारण किनारा बराचसा उजवीकडे राहतो. तेच वरून खाली येत असाल तर डावी, म्हणजे पोर्ट साइड. इनसाइड पॅसेजमध्ये, म्हणजे बेटांमधून जाणाऱ्या आतल्या जलमार्गात, मात्र दोन्हीकडे बेटं आणि डोंगर असल्यामुळे कुठलीही बाजू चालते.

हिमनदीपाशी काळजी नको. कॅप्टन तिथे जहाज जागच्या जागी हळूहळू गोल फिरवतात, आधी एका बाजूला समोर येते मग दुसऱ्या. आपली बाजू शेवटी आली की जीव खालीवर होतो, पण येते.

डेक कुठला घ्यावा? वर घेतलं तर जास्त छान दिसेल ना?

वर घेतलं की जास्त महाग पडतं एवढं नक्की. दिसायला फारसा फरक नाही, उलट खालच्या डेकवरून पाणी जवळ असतं आणि देवमासा किंवा समुद्री ऑटर नीट दिसतो. आणि जहाज हलतं तेव्हा वरच्या मजल्यांवर आणि पुढच्या टोकाला जास्त जाणवतं. म्हणून ज्येष्ठ लोक बरोबर असतील तर मधला भाग, मधले डेक, लिफ्टपासून जवळ पण अगदी लिफ्टसमोर नाही. या जहाजांची लांबी तीनशे मीटरच्या आसपास असते हो, टोकाची केबिन घेतली तर जेवायला जाऊन येण्यातच आईचा दिवसभराचा चालण्याचा कोटा संपतो.

अजून एक बघायचं, आणि हे एजंट सांगत नाहीत. डेक प्लॅन उघडा आणि तुमच्या केबिनच्या बरोबर वर काय आहे आणि बरोबर खाली काय आहे ते बघा. वर बुफे असेल तर पहाटे साडेचारपासून खुर्च्या सरकवण्याचे आवाज, वर जिम असेल तर धपधप, खाली थिएटर किंवा बार असेल तर रात्री ढोल. वर पण केबिन, खाली पण केबिन, अशी सँडविचमधली केबिन सगळ्यात शांत. आणि एकदम पुढे खाली असेल तर बंदरात शिरताना पहाटे नांगराचा आणि थ्रस्टरचा, म्हणजे जहाज आडवं ढकलणाऱ्या पंख्यांचा, घर्रर्र आवाज येतो.

मागची बाल्कनी, जिला आफ्ट म्हणतात, तिची वेगळीच मजा आहे, मागे पाण्याचा लांब पट्टा दिसत राहतो, पुढून येणारा वारा लागत नाही, बऱ्याचदा बाल्कनी पण मोठी असते. पण इंजिनाची थरथर जाणवू शकते आणि चालायला लांब पडतं. चालायला धडधाकट जोडपं असेल तर जरूर घ्या.

ऑब्स्ट्रक्टेड व्ह्यू, म्हणजे समोर काहीतरी आडवं येणारी केबिन, स्वस्त दिसतेय, घेऊ का? आणि गॅरंटी म्हणजे काय?

माझा दुसऱ्या ट्रिपचा अनुभव सांगते. आईबाबांची पहिलीच क्रूझ, मी गॅरंटी बाल्कनी घेतली. गॅरंटी म्हणजे कॅटेगरी पक्की पण केबिन नंबर कंपनी देणार, नंतर, त्यांच्या सोयीनं. नाव ऐकून वाटतं की काहीतरी चांगल्याची गॅरंटी आहे. आम्हाला मिळाली ती लाइफबोटीच्या बरोबर मागची. कठड्यासमोर केशरी रंगाची भली मोठी बोट, तिच्या वरून वाकून बघितलं तर आकाश आणि खाली वाकलं तर पाणी. आई काही बोलली नाही, पण ग्लेशियरच्या दिवशी दोघांना घेऊन मी वरच्या डेकवर गेले आणि अर्ध्या तासात बाबा म्हणाले मी खाली जातो. मला फार वाईट वाटलं, कारण नीट वाचलं असतं तर टाळता आलं असतं. पुढच्याच वर्षी त्यांना परत घेऊन गेले, सासूसासऱ्यांच्या बरोबरच, आणि तेव्हा केबिन नंबर मी स्वतः निवडला. वर बाबांचं सांगितलं ते त्याच वेळचं.

तर ज्येष्ठांना नेत असाल तर गॅरंटी नको. ऑब्स्ट्रक्टेड सगळ्या सारख्या नसतात, काहींत फक्त एक लोखंडी खांब किंवा क्रेनचा हात मधे येतो, काहींत अख्खी बोट. बहुतेक जहाजांवर लाइफबोटी मधल्या खालच्या डेकच्या बाहेर लटकलेल्या असतात, म्हणून त्या डेकच्या एक मजला वरच्या केबिनमधून पण खाली बघितलं की बोटीचे टप दिसतात. युट्यूबवर जहाजाचं नाव आणि केबिन नंबर टाकून शोधा, कोणी ना कोणी व्हिडिओ टाकलेला असतो.

बाल्कनी म्हणजे बाल्कनी, त्यात प्रकार कसले?

बरेच आहेत आणि अलास्कात त्यानं फरक पडतो. अलास्कातल्या केचिकन बंदराला वर्षाला १४० इंचांच्या आसपास पाऊस पडतो, म्हणजे आपल्या कोकणासारखंच, फक्त तिकडे तो धो धो न पडता वर्षभर झिमझिमत राहतो. त्यामुळे डोक्यावर छत असलेली बाल्कनी हवी. प्रिन्सेस कंपनीच्या जुन्या ग्रँड क्लास जहाजांवर डेक पायऱ्यांसारखे बाहेर आलेले असतात, तिथे डॉल्फिन डेकच्या मिनी सूटच्या बाल्कन्या मोठ्या आहेत पण उघड्या, आणि वरच्या सगळ्यांना तुम्ही दिसता. त्याच्या वरच्या कॅरिब डेकवर अर्धं छत अर्धं उघडं असतं, जागा पण मोठी, त्या जहाजांवर लोक कॅरिब डेकच शोधून घेतात.

कार्निव्हलच्या काही जहाजांवर कोव्ह बाल्कनी असते, ती खूप खाली, पाण्याच्या जवळ, आणि काचेच्या कठड्याऐवजी जहाजाचं पत्र्याचं अंगच असतं. वारा कमी लागतो, पण बसल्या बसल्या समोरचं दिसायला उंची कमी पडू शकते, बुटक्या आज्यांना तर नक्कीच. ज्येष्ठांसाठी काचेचा कठडा बघून घ्या म्हणजे खुर्चीत बसून सगळं दिसतं.

सेलिब्रिटीच्या एज क्लासवर, म्हणजे २०१८ पासून आलेल्या जहाजांवर, इन्फिनिट व्हरांडा आहे. तिथे बाहेर वेगळी बाल्कनी नाही, खोलीच काचेपर्यंत जाते आणि बटण दाबलं की वरची अर्धी काच खाली उतरते. थंडीत खोलीत बसून बघायला छान आहे, जागा मोठी वाटते, पण मला स्वतःला बाहेर पाऊल टाकल्याचं समाधान त्यात मिळत नाही. ज्यांना थंडी अजिबात सोसत नाही त्यांनी विचार करावा.

आणि रॉयलच्या ओॲसिस क्लासवर आतल्या बाजूला बागेकडे तोंड केलेल्या बाल्कन्या असतात. समुद्र दिसत नाही. स्वस्त का आहे ते न बघता बुक करणारे मी बघितलेत, म्हणून सांगतेय. तुम्ही भूमध्य समुद्रात किंवा कॅरिबियनला कधी गेलात तर लक्षात ठेवा.

केबिन केवढी असते? सामान मावतं का?

खोली साधारण १७० ते १९० चौरस फूट आणि बाहेरची बाल्कनी ३५ ते ५० चौरस फूट, कंपनीप्रमाणे थोडं मागेपुढे. मुंबईच्या वन रूम किचनमधल्या बेडरूमएवढी धरा. दोन खुर्च्या आणि एक छोटं टेबल एवढंच बाल्कनीत बसतं. आत एक डबल बेड, तो सांगितलं तर दोन सिंगल करून देतात, एक सोफा, टीव्ही, आरसा, ड्रॉवर, कपाट, तिजोरी आणि छोटा फ्रिज. फ्रिज नुसता गारसर असतो, म्हणून इन्सुलिन असेल तर पहिल्याच दिवशी स्टुअर्डला, म्हणजे केबिन आवरणाऱ्याला, सांगा, मेडिकल फ्रिज मिळतो. बॅगा रिकाम्या करून बेडखाली सरकवायच्या, मोठ्या बॅगासुद्धा जातात. भिंती लोखंडी असतात म्हणून घरून चुंबकाचे हुक न्या, ओले रेनकोट आणि कानटोप्या टांगायला फार उपयोग होतो, मी दहा नेते.

प्लग अमेरिकेतलेच, ११० व्होल्ट. बेडपाशी सॉकेट कमी असतात. सर्ज प्रोटेक्टरवाली पट्टी चालत नाही, चेकिंगमध्ये काढून घेतात, यूएसबीचा साधा हब न्या. कुणाला झोपेत श्वासासाठी लावायचं सीपॅप मशीन असेल तर बुकिंग करतानाच कळवा, एक्स्टेंशन कॉर्ड तेच देतात.

बाथरूमचं काय? आईला तीच काळजी आहे.

सगळ्यांच्या आयांना तीच असते. बाथरूम स्वच्छ असतं पण लहान, विमानातल्यापेक्षा मोठं आणि घरातल्यापेक्षा बरंच छोटं. जुन्या जहाजांवर शॉवरला पडदा असतो जो अंगाला चिकटतो, नवीनवर काचेचं दार. जेट स्प्रे नसतो, बादली नसते. प्लास्टिकचा मग न्याच, किंवा पिळायची बिडे बाटली मिळते ती न्या. टॉयलेट व्हॅक्यूमचं असतं, फ्लश करताना मोठा आवाज होतो, आधी सांगून ठेवा नाहीतर दचकतात. कागदाशिवाय काही टाकायचं नाही, एकाच्या चुकीनं अख्ख्या कॉरिडॉरचं तुंबतं.

एक महत्त्वाचं, बाथरूमच्या दाराला आणि बाल्कनीच्या दाराला उंबरठा असतो, काही जहाजांवर चांगला चार सहा इंचांचा. रात्री अंधारात ठेच लागते. आम्ही छोटा बॅटरीवरचा नाइट लॅम्प नेला. व्हीलचेअर असेल किंवा पाय उचलताच येत नसेल तर ॲक्सेसिबल बाल्कनी केबिन मागा, दारं रुंद, उंबरठा नाही, शॉवरमध्ये बसायला सीट. पण त्या फार थोड्या असतात, वर्षभर आधीपासून जातात.

चौघं एकाच केबिनमध्ये राहू शकतो का, का दोन घ्याव्यात?

राहू शकता, सोफा उघडतो आणि छतातून किंवा भिंतीतून वरचा बेड खाली येतो, आणि तिसऱ्या चौथ्या माणसाचं तिकीट पुष्कळ स्वस्त पडतं. दोन लहान मुलं असतील तर चालून जातं. पण आईबाबा आणि तुम्ही दोघं असं करू नका, सोफा उघडला की बाल्कनीच्या दारापर्यंत जायची वाट बंद होते आणि एकच बाथरूम.

आमचं तिसऱ्या वेळचं सांगते. शेजारी शेजारी बाल्कनी केबिन घेतल्या, आणि चढल्या चढल्या स्टुअर्डला विचारलं की मधलं पार्टिशन उघडता येईल का. बऱ्याच जहाजांवर येतं, त्याच्याकडे किल्ली असते. उघडल्यावर एक लांबच लांब गॅलरी झाली, अगदी चाळीतल्यासारखी. सकाळी आई एका टोकाला जपमाळ घेऊन, सासरे दुसऱ्या टोकाला दुर्बीण घेऊन, आणि मधे आम्ही. दोन केबिन आतून जोडणाऱ्या कनेक्टिंगपण मिळतात, पण शेजारी अनोळखी लोक असतील तर कनेक्टिंग दारातून आवाज येतो, म्हणून घरचेच असतील तरच घ्या.

पैसे कमी असतील तर आईबाबांना बाल्कनी आणि तुम्हाला समोरच्याच कॉरिडॉरमध्ये इंटिरियर. दिवसभर तुम्ही त्यांच्याकडेच असणार आहात. हा सगळ्यात हुशार मार्ग आहे असं माझं मत आहे.

लहान मुलं बरोबर आहेत, बाल्कनी सुरक्षित आहे का?

अमेरिकेतून प्रवासी चढवणाऱ्या मोठ्या जहाजांना २०१० च्या कायद्यानं कठडा किमान ४२ इंच उंच ठेवावा लागतो. दाराला वरती लॅच असतं जे लहान मुलाच्या हाताला येत नाही. धोका खुर्चीचा आहे, मूल खुर्चीवर चढलं की कठड्याची उंची संपली. म्हणून आम्ही नसताना खुर्च्या आत ओढायचो आणि लॅच लावायचो, एकदाही न चुकता. मूल एकटं बाल्कनीत नाही, झोपलेलं असेल आणि तुम्ही शॉवरला जाणार असाल तरी आधी लॅच.

अजून, बाल्कनीचं दार उघडं असताना केबिनचं दार उघडलं तर वाऱ्यानं ते एवढ्या जोरात आपटतं की बोट सापडलं तर तुटेल. घरातल्या सगळ्यांना पहिल्याच दिवशी सांगून ठेवा.

बाल्कनीत काय काय चालत नाही?

कपडे कठड्यावर वाळत घालायचे नाहीत, उडून जातात आणि परवानगीही नसते, आत बाथरूममध्ये दोरी असते ती वापरा. सिगरेट जवळपास सगळ्या कंपन्यांत बंद, दंड मोठा. उदबत्ती, निरांजन, मेणबत्ती केबिनमध्ये कुठेच नाही, आईंची पूजा असेल तर छोटा बॅटरीवाला दिवा न्या. पक्ष्यांना खायला घालायचं नाही आणि काहीही पाण्यात टाकायचं नाही, साधी टिश्यूसुद्धा. ग्लेशियर बेमध्ये तर जरा आवाज पण कमी ठेवा, शेजारच्या बाल्कनीतले लोकही तोच आवाज ऐकायला बसलेत.

चहा आणि खाण्याचं कसं?

किटली, इंडक्शन, राइस कुकर, इस्त्री, यातलं काहीही नेऊ नका, जप्त होतं. बुफेवर गरम पाणी मिळतं, मोठा थर्मास न्या, टी बॅग, चहा मसाला आणि दूध पावडर न्या, आणि सकाळी सगळ्यात आधी उठणाऱ्यानं थर्मास भरून आणायचा. घरी केलेलं खाणं चढवू देत नाहीत, दुकानातली सीलबंद पाकिटं चालतात, बाकरवडी, चिवडा, चिक्की असं. खाली बंदरावर फळं किंवा सँडविच नेऊ नका. शाकाहारी आणि जैन जेवण बुकिंगनंतर लगेच कळवायचं, आणि पहिल्या संध्याकाळी डायनिंग रूमच्या हेड वेटरला भेटून परत सांगायचं, ते आदल्या रात्री विचारून दुसऱ्या दिवशी वरण भात भाजी करून देतात, आमच्याकडे तरी दिलं.

रूम सर्व्हिसचा नाश्ता बाल्कनीत घ्या एकदा तरी. काही कंपन्यांत फुकट, काहींत चार्ज, आधी बघा.

बोट लागेल का?

आमच्या आजीला भाऊच्या धक्क्यावरून निघालेली कोकणची बोट लागायची ती गोष्ट घरात सगळ्यांच्या डोक्यात असते, म्हणून हा प्रश्न येतोच. ही जहाजं प्रचंड मोठी असतात, आणि इनसाइड पॅसेजमध्ये बेटांच्या आडोशानं पाणी शांत असतं. हलतं ते उघड्या समुद्रात, म्हणजे सीवर्ड किंवा व्हिटियरकडे जाताना गल्फ ऑफ अलास्कामध्ये, आणि सिॲटलच्या बऱ्याच बोटी व्हँकुव्हर बेटाच्या बाहेरून जातात तिथे. मधली केबिन आणि बाल्कनी दोन्हीचा इथे उपयोग होतो, दार उघडून गार वारा घ्यायचा आणि लांब क्षितिजाकडे बघायचं. आलेपाक किंवा आवळा सुपारी जवळ ठेवा, आणि गोळी घ्यायची असेल तर निघायच्या आधी आपल्या डॉक्टरांना विचारून घ्या, कारण ज्येष्ठांना त्यातल्या काही गोळ्यांनी खूप गुंगी येते.

कुठला महिना? थंडी किती?

सीझन एप्रिलच्या शेवटापासून ऑक्टोबरपर्यंत. मे जूनमध्ये पाऊस कमी, डोंगरांवर बर्फ जास्त. जुलै ऑगस्ट गरम पण गर्दी आणि भाव दोन्ही वर. सप्टेंबर स्वस्त पण ओला, मात्र रात्र लांब असल्यानं नशीब असेल तर बाल्कनीतून नॉर्दर्न लाइट्स दिसतात. जूनमध्ये अलास्कातल्या जुनो शहरात अठरा तासांच्या आसपास उजेड असतो, रात्री दहाला पण बाहेर दिसतं, आईला झोपेना, जाड पडदे नीट ओढून घ्या. उन्हाळ्यात दुपारी १५ ते १८ डिग्री, पण हिमनदीसमोर वारा हाडात शिरतो. थर्मल, स्वेटर, वरून वॉटरप्रूफ जॅकेट, हातमोजे, कानटोपी. बेडवरची जास्तीची ब्लँकेट मागून घ्या, बाल्कनीत तीच कामाला येते. आणि दुर्बीण माणशी एक, एका दुर्बिणीवर भांडणं होतात.

ग्लेशियर बेच हवं का, की दुसरी हिमनदी चालेल?

मी आधी इटिनररी, म्हणजे जहाज कुठे कुठे जाणार ते, बघते, मग जहाज, मग केबिन. ग्लेशियर बेमध्ये दिवसाला जास्तीत जास्त दोनच मोठी क्रूझ जहाजं सोडतात, म्हणून तिथे शांतता असते. प्रिन्सेस, हॉलंड अमेरिका आणि नॉर्वेजियनच्या बऱ्याच ट्रिपा तिथे जातात. पार्कचे रेंजर छोट्या बोटीतून येऊन जहाजावर चढतात आणि लाउडस्पीकरवरून माहिती सांगतात. अडीचशे वर्षांपूर्वी ही अख्खी खाडी बर्फानं भरलेली होती, आता बर्फ ६५ मैल मागे गेलाय, हे ऐकत ऐकत त्याच पाण्यावरून जाताना अंगावर काटा येतो. टोकाला मार्जरी ग्लेशियर, सुमारे एक मैल रुंद, तिथे जहाज तासभर थांबतं.

हबर्ड ग्लेशियर पण जबरदस्त आहे, पाण्याला लागलेला कडा सुमारे ६ मैल रुंद, नजरेत मावत नाही, पण पाण्यात बर्फ जास्त असेल तर लांबूनच परतावं लागतं. ट्रेसी आर्म ही अरुंद खाडी पूर्वी बऱ्याच ट्रिपांत असायची, २०२५ च्या ऑगस्टमध्ये तिथे मोठी दरड कोसळून पाण्याची लाट उठली, तेव्हापासून कंपन्या शेजारच्या एंडिकॉट आर्मकडे वळल्या आहेत. जुनी माहिती वाचून बुक करू नका.

सिॲटल की व्हँकुव्हर? व्हिजाचं काय?

अमेरिकेच्या १८८६ च्या एका जुन्या कायद्यामुळे परदेशी झेंड्याच्या जहाजाला अमेरिकेतून निघून अमेरिकेतच परत यायचं असेल तर मधे एखादं परदेशी बंदर घ्यावंच लागतं. म्हणून सिॲटलच्या बोटी कॅनडातल्या व्हिक्टोरियाला थांबतात, कधी कधी तर रात्री चार तासच. आणि म्हणूनच भारतीय पासपोर्टवर आलेल्या आईबाबांना कॅनडाचा व्हिजा लागतो, तुम्ही एच वन या नोकरीच्या व्हिजावर असाल तर तुम्हालाही. ग्रीन कार्ड असेल तर लागत नाही, पासपोर्ट आणि कार्ड दोन्ही बरोबर ठेवा. आईबाबांचा अमेरिकेचा व्हिजा मल्टिपल एंट्री आहे ना ते बघा. कॅनडाच्या व्हिजाला वेळ लागतो, भारतात असतानाच अर्ज करून टाका. आधी व्हिजा, मग नॉन रिफंडेबल काहीही.

बुकिंग कधी करावं?

केबिन नंबर स्वतः निवडायचा असेल तर आठ दहा महिने आधी. शेवटच्या क्षणी स्वस्त मिळतं खरं, पण तेव्हा उरलेल्या केबिन मिळतात. शेवटचा हप्ता साधारण ९० दिवस आधी असतो, तोपर्यंत भाव उतरला तर अमेरिकेतल्या बहुतेक बुकिंगवर फोन करून कमी करून मिळतो, दर आठवड्याला बघत जा. जाहिरातीतल्या भावात टिप धरलेली नसते, ती माणशी रोज १७ ते २० डॉलरच्या आसपास, चौघांचे सात दिवस म्हणजे पाचशे डॉलर सहज.

शेवटच्या दिवशी केबिन किती वाजता सोडायची?

सकाळी लवकर, बऱ्याचदा आठ साडेआठपर्यंत. मोठ्या बॅगा आदल्या रात्रीच टॅग लावून दाराबाहेर ठेवायच्या असतात, आणि त्यातच चुकून जॅकेट, औषधं, दातांचा डबा सगळं जातं, मग सकाळी धावपळ. एक हातातली बॅग वेगळी ठेवा. आणि पाच वाजताच उठून जॅकेट चढवून बाल्कनीत जाऊन बसा, जहाज बंदरात शिरत असतं, बंदरात वाट दाखवणाऱ्या पायलटची छोटी बोट येऊन बाजूला लागते, शहराचे दिवे दिसायला लागतात. थर्मास मात्र आदल्या रात्रीच्या बॅगेत भरू नका.